‘आमचं पोरगं तसंच हाय’ म्हणण्याआधी

बौद्धिक दिव्यांगत्व असलेली चौदा वर्षांची एक मुलगी आहे असं समजा. आठवडाभर ती नीट जेवत नाही. रात्री टक्क जागी असते, कुणी जवळ गेलं की हात उगारते, मधूनच भिंतीवर डोकं आपटते. विचारलं तर आई दमल्या आवाजात सांगते, "आमचं पोरगं तसंच हाय." शेजारच्या काकूही तेच म्हणतात. कधी कधी दवाखान्यातसुद्धा केसपेपरवर जुनं निदान वाचलं की पुढचे प्रश्न थांबतात.

तिची दाढ किडलेली असेल. कानात पू झाला असेल. पाळीच्या आधी पोट दुखत असेल. जिच्या कुशीत ती झोपायची ती आजी महिन्याभरापूर्वी वारली असेल आणि आजी कुठं गेली हे तिला कुणी सांगितलं नसेल. शाळेच्या गाडीत कुणी तिला नको तिथं हात लावत असेल. किंवा तिला नैराश्याचा आजार झाला असेल, तो तर कुणालाही होतो. यातलं काहीच सांगायला तिच्याजवळ शब्द नाहीत, म्हणून तिचं अंग बोलतंय. आपण मात्र ते सगळं तिच्या दिव्यांगत्वाच्या खाती टाकून मोकळे होतो.

डॉक्टरांच्या जगात ही चूक नीट ओळखीची आहे. एक मोठं निदान समोर असलं की त्याच्या सावलीत दुसरा आजार दिसेनासा होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पालकांशी, शिक्षकांशी आणि अंगणवाडीतल्या ताईंशी या विषयावर बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी असं मला वाटतं. योजना, दाखले, सवलती यांची माहिती कमीजास्त सगळीकडे मिळते. दिव्यांग मुलाला मनाचा आजारही होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात, हे मात्र फार कमी ठिकाणी सांगितलं जातं.

याला आकड्यांचाही आधार आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. साठ मुलांचा वर्ग धरला तर चारेक मुलं. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त असतं. ब्रिटनमधल्या पाहणीत अशा मुलांपैकी ३६ टक्क्यांना मानसिक आजार होता, तर बाकीच्या मुलांपैकी ८ टक्क्यांना. कारणं दोन्हीकडची आहेत. काही मेंदूच्या घडणीतली, सोबत येणाऱ्या फिट्ससारख्या आजारांची. आणि काही आपण घडवलेली: चिडवणं, एकटं पाडणं, रोज ‘तुला जमत नाही’ हे ऐकणं, घरातली ओढाताण. पहिली कारणं आपल्या हातात फारशी नाहीत, दुसरी आहेत.

कायद्याच्या नजरेत दिव्यांग कोण

१९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात ते एकवीस झाले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अंधत्व, कर्णबधिरत्व, चालण्याफिरण्यातली अडचण, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), बौद्धिक दिव्यांगत्व यांच्यासोबत ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकल सेल हे रक्ताचे आजारही त्यात आहेत. मानसिक आजारही आहे. अंगावर काही न दिसणारं, चारचौघांसारखं चालणारं-बोलणारं कॉलेजातलं पोर स्किझोफ्रेनियासारख्या आजाराने दीर्घकाळ आणि गंभीरपणे अडलं असेल, तर तेही या कायद्याच्या छत्राखाली येतं. हे बहुतेक घरांना माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी ‘तसला दाखला’ नको असतो. मुलीच्या लग्नाची काळजी असते, भावकी काय म्हणेल याची असते. ती भीती खोटी नाही. पण दाखला घराच्या दारावर लावायचा नसतो. गरज पडेल तिथंच दाखवायचा असतो.

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. या टक्क्यांचा अर्थ पालक चुकीचा लावतात आणि उगाच हबकतात. ४० टक्के म्हणजे मूल ६० टक्केच चांगलं, असं मुळीच नाही. त्या एका बाबतीत रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो, याचं ते सरकारी माप आहे. मुलाचं पुढचं आयुष्य, त्याचा स्वभाव यातलं काहीही त्यात मोजलेलं नसतं.

दाखल्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टल या सरकारी वेबसाइटवर भरायचा. तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी नाव असतं ते सीपीआरचं, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचं. दिव्यांगत्व ठरलं की प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. चंदगड किंवा शाहूवाडीच्या टोकावरून मूल घेऊन येणाऱ्या माणसाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, म्हणून कोणत्या तपासणीला कोणता वार आहे हे आधी फोन करून विचारावं आणि जुने रिपोर्ट, औषधाच्या चिठ्ठ्या एका फायलीत घालून आणाव्यात.

"ह्याचा बापबी उशिराच बोलला"

हे वाक्य आपल्या घराघरांत आहे, आणि त्यापायी मुलांची दोन-तीन वर्षं वाया जातात. काही मुलं खरोखर उशिरा बोलतात आणि पुढे व्यवस्थित होतात. पण आपलं मूल त्यांतलं आहे की नाही हे वाट बघून ठरवायची गरज नसते, तपासून ठरवता येतं. वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा आधी बोलत होतं ते बोलणंच बंद झालं, अशा वेळी थांबू नये. सगळ्यात आधी ऐकू येतंय का ते तपासून घ्यावं. जन्मजात कमी ऐकू येणाऱ्या बाळाची पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराची सुरुवात, असा जगभर धरला जाणारा हिशेब आहे. त्या वयात मेंदू भाषा शिकायला आतुर असतो. ती वेळ गेली की तेच शिकायला कितीतरी पट कष्ट पडतात.

यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशा चार अंगांनी तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पुढच्या तपासण्या आणि थेरपीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय या योजनेत आहे. पथक अंगणवाडीत येईल त्या दिवशी मूल तिथं असलं पाहिजे, एवढंच पालकांनी बघायचं.

नेमकी इथंच काही मुलं सुटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचं धुराडं पेटलं की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मार्चपर्यंत फडाच्या कडेला खोपट्या असतात. त्यातली मुलं गावाकडच्या पटावर असतात आणि राहतात इथं. तपासणी तिकडं झाली तेव्हा ती इथं होती, इथं झाली तेव्हा त्यांचं नाव यादीत नव्हतं. शेतमालकाने, मुकादमाने किंवा जवळच्या अंगणवाडीच्या ताईंनी ‘त्या खोपटीतलं पोरगं अजून चालत नाही’ एवढं आरोग्य उपकेंद्रात जाऊन सांगितलं, तरी त्या मुलाच्या आयुष्यात फरक पडू शकतो.

आणि कृपा करून आईला दोष देऊ नका. ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ दुभंगत नाही. आईने फोन बघितला म्हणून ऑटिझम होत नाही. लशीमुळेही होत नाही. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करायची आपल्या भागात जुनी रीत आहे. तशा नात्यात काही आनुवंशिक आजारांची आणि जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते, हे खरं. ते लग्नाआधी आणि दुसऱ्या मुलाच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं असतं. मूल झाल्यावर सासरच्या ओसरीवर त्याचा पंचनामा करून कुणाचंच भलं होत नाही.

वागणं वाचायला शिकणं

आता सुरुवातीच्या त्या मुलीकडे नीट बघू, कारण खरं काम इथं आहे. बोलता न येणाऱ्या किंवा कमी बोलणाऱ्या मुलाचं वागणं एकदम बदललं की क्रम ठरवून घ्यावा. आधी शरीर, मग भोवताल, मग मन.

शरीर म्हणजे दात, कान, घसा, पोट. बद्धकोष्ठ ही फार साधी गोष्ट, पण त्यापायी मुलं दिवसभर चिडचिड करतात आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. कपडे काचतात का, नवीन चप्पल लागते का, हेही बघावं. मुलींची पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली तर दोन-तीन महिन्यांत कळतं, की हात उगारणं नेमकं त्याच दिवसांत आहे. फिटचं किंवा झोपेचं औषध नुकतंच बदललं असेल तर ते डॉक्टरांना सांगावं, काही औषधांनी वागणं बदलतं.

भोवताल म्हणजे काय हललं ते शोधणं. बाई बदलल्या, ताईचं लग्न होऊन ती सासरी गेली, शेजारी बांधकाम सुरू झालं, शाळेची गाडी वेगळ्या रस्त्याने जायला लागली. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र लागतात. आपल्या मिरवणुकीतल्या डॉल्बीने मोठ्यांची छाती हादरते, तर त्या मुलाचं काय होत असेल? तो तेव्हा किंचाळला तर त्याला हट्टी म्हणू नये. त्याला कान झाकणारे हेडफोन द्यावेत, आतल्या खोलीत न्यावं, आणि आधी चित्र दाखवून सांगावं की आज मोठा आवाज होणार आहे आणि तो इतका वेळ चालणार आहे.

एक साधी वही ठेवावी. काही बिनसलं की त्यात तीन गोष्टी लिहाव्यात: त्याआधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर आपण काय केलं. दोन आठवडे लिहिलं की धागा दिसायला लागतो. गणिताच्या तासालाच डोकं आपटणारा मुलगा त्या तासातून सुटका मागत असतो. आई फोनवर बोलायला लागली की वस्तू फेकणारी मुलगी आईला हाक मारत असते. मग तिला हाक मारायचा दुसरा रस्ता शिकवायचा. तो हाताच्या खुणेने, चित्रकार्डाने किंवा एखाद्या शब्दाने जमतो. विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ नेमकं हेच शिकवतात. डॉक्टरांकडेही ती वही न्यावी. ‘फार त्रास देतो’ या एका वाक्यापेक्षा तिचा त्यांना कितीतरी उपयोग होतो.

या सगळ्यात एक शंका शेवटपर्यंत मनात ठेवावी लागते, ती म्हणजे कुणी मुलाला त्रास देतंय का. दिव्यांग मुलांवर अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, कारण ती सांगू शकणार नाहीत असं करणाऱ्याला वाटतं. एखाद्या ठिकाणी जायला किंवा एखाद्या माणसाजवळ जायला मूल अचानक घाबरायला लागलं, अंथरूण ओलं करायला लागलं, अंगावर वळ दिसले तर गप्प बसू नये. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची भाषा कळणाऱ्या माणसाची मदत घेण्याची तरतूद त्यात आहे. ‘हिला काय सांगता येणार’ असं कुणी म्हणालं तर ही तरतूद त्याला सांगावी.

शरीर तपासलं, भोवताल तपासला आणि तरीही मूल कोमेजत चाललं असेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे जावं. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलालाही चिंतेचा, नैराश्याचा आजार होतो आणि त्याच्यावरही उपचार चालतात. ‘मुळात बुद्धीच कमी, त्याला कसलं टेन्शन’ असं म्हणणाऱ्याने आई चार दिवस माहेरी गेल्यावर अशा मुलाला बघावं.

वर्गात

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या गावात आज ‘तुमच्या मुलाला आमच्याकडे जमणार नाही, दुसरीकडे बघा’ हे वाक्य ऐकून पालक मुकाट परत येतात, याचं मला फार वाईट वाटतं. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. नेहमीच्या शाळेसाठी समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. ते कोणत्या दिवशी येतात हे मुख्याध्यापकांना विचारावं, आणि पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातही विचारावं.

अध्ययन अक्षमतेचं मूल वर्गात सगळ्यात जास्त मार खातं, कारण ते बाकी सगळ्या बाबतीत चलाख असतं. तोंडी विचारलं तर पटापट सांगतं आणि लिहायला दिलं की ‘कमल’चं ‘कलम’ होतं. मग ते आळशी ठरतं. तिसरी-चौथीपर्यंत, म्हणजे आठव्या वर्षाच्या आसपास, याची चाचणी घेता येते. महाराष्ट्रात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत १९९६ पासून सवलती आहेत: तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, काही विषयांत सूट. प्रकारानुसार त्या बदलतात. ही कागदपत्रं नववीतच तयार करावीत. दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव केली तर तारखा हुकतात.

सवलत मिळेपर्यंतच्या सात-आठ वर्षांत त्या मुलाच्या मनावर जे ओरखडे उठतात, त्यांचं काय करायचं? शिक्षकाला पैसा न लागता करता येण्यासारखं बरंच आहे. मोठ्याने वाचायला सगळ्यांसमोर उभं करू नये. फळ्यावरचं उतरवून घ्यायला शेजारच्याची वही द्यावी. उत्तर तोंडी घ्यावं. तालमीत, कबड्डीत, चित्रात ते मूल चांगलं असेल तर ते वर्गात नाव घेऊन सांगावं. पोट दुखतं म्हणून दर सोमवारी घरी राहणारं मूल खोटं बोलत नसतं, त्याचं पोट खरंच दुखतं. भीतीने दुखतं.

मोठी होणारी मुलं

मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि पाऊण भागाची चोविसाव्या वर्षापर्यंत होते, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे आठवीपासून पदवीपर्यंतची वर्षं. या वयातलं नैराश्य नेहमी रडक्या चेहऱ्याने येत नाही. चिडचिड, दार लावून बसणं, झोपेची उलटापालट, आवडीचा खेळ सुटणं, मार्क घसरणं अशाही रूपात येतं. दोन आठवडे हे रोज दिसत असेल तर तपासून घ्यावं. कानात आवाज येतात, लोक माझ्यावर पाळत ठेवतात असं मूल म्हणत असेल तर दोन आठवडेही थांबू नये.

आपल्याकडे अशा वेळी दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक म्हणजे ‘मोबाईल काढून घ्या, शेतात कामाला लावा’. दुसरा म्हणजे ‘बाहेरचं झालंय, बघून घ्या’. देवाला जायला कुणाची ना नाही. अंबाबाईला, जोतिबाला जाऊन मन शांत होत असेल तर जरूर जावं आणि औषधही चालू ठेवावं. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधणं, चटके देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

मुलगा ‘जगून काय करू’ असं म्हणाला तर विषय बदलू नये. सरळ, शांतपणे विचारावं, "मरून जावंसं वाटतं का रे तुला?" असं विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही. उलट कुणीतरी ऐकतंय हे कळून ओझं हलकं होतं. मग त्याला एकटं सोडू नये, शेतातली औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर मोठा ताण होता असंच धरावं आणि त्याला शिक्षा करू नये, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये.

नैराश्याच्या गोळ्यांची चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि बरं वाटलं म्हणून आपणहून बंद केल्या तर त्रास उलटतो. औषध मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर देतात. चाचण्या आणि बोलून करायचे उपचार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारायला लाजू नये. ‘सहा महिन्यांत ऑटिझम पूर्ण बरा’ अशी जाहिरात करणाऱ्यापासून मात्र लांब राहावं. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेच सांगितलं आहे, आणि तरी त्यासाठी जमिनी गहाण पडतात.

पाणी वाढायला लागलं की

२०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला महापूर आपल्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या नदीकाठच्या घरांनी आपल्या दिव्यांग किंवा मानसिक आजार असलेल्या मुलासाठी वेगळी तयारी करायला हवी, आणि हे कुठल्या सरकारी पत्रकात ठळकपणे येत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. चाकाच्या खुर्चीतलं किंवा फिट येणारं मूल ४३ ची वाट न बघता ३९ लाच हलवावं. कमरेएवढ्या पाण्यात नावेत चढवताना खुर्ची मागे राहते.

फिटची आणि मानसिक आजाराची औषधं पावसाळ्यात निदान महिनाभराची जादा ठेवावीत. फिटचं औषध एकदम तुटलं तर फिटवर फिट येऊन जिवाला धोका होतो. (फिट आली तर कूस वळवून झोपवावं, तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठावा.) यूडीआयडी कार्ड आणि औषधाच्या चिठ्ठीचा फोटो नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवावा. श्रवणयंत्राचे सेल, रोजची चादर, एखादं खेळणं पिशवीत असावं. शिबिरात शंभर माणसांच्या गोंगाटात ऑटिझमचं मूल बिथरतं. स्वयंसेवकांना पहिल्याच तासात सांगून शाळेतली एक कोपऱ्यातली खोली मागून घ्यावी. आणि पाणी ओसरल्यावरही पाऊस पडायला लागला की रडणारं, आईला सोडत नसणारं मूल लाडावलेलं नसतं. आधीचा पूर त्याला आठवतो.

घरातली माणसं

अशा मुलाची आई बहुधा स्वतःचा ताप अंगावर काढते. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळाली पाहिजे, आणि ती घरातल्यांनी ठरवून दिली पाहिजे. बापाने दवाखान्याला, थेरपीला सोबत जावं, नुसते पैसे देऊन थांबू नये. भावंडांशी खरं बोलावं. ‘दादाला काय झालंय’ हे सहा वर्षांच्या मुलीलाही तिच्या भाषेत सांगता येतं, आणि न सांगितलं तर ती स्वतःलाच दोष देत बसते. ज्या पालकांनी हे सगळं पार केलंय त्यांना भेटावं. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या बाईंनी मुलांच्या राहण्या-शिकण्याची आणि कामाची सोय केली. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी शेंडा पार्कातली चेतना अपंगमती विकास संस्था काम करते. अशा ठिकाणी नुसतं जाऊन बसलं तरी आपण एकटे नाही हे कळतं.

पैशाचं थोडक्यात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी निरामय हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यातून थेरपीचा खर्चही मिळतो. एसटीत ७५ टक्के सवलत आहे. उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारावं. प्राप्तिकर भरणाऱ्या पालकाला जुन्या करपद्धतीत कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

अठरावं वर्ष मात्र आधीपासून ध्यानात ठेवावं. त्या दिवशी मूल कायद्याने सज्ञान होतं आणि आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. निरामयच्या त्याच चार प्रकारांत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व मिळतं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक पातळी समितीकडे अर्ज करावा लागतो. सगळ्यांनाच पालक लागतो असं नाही. ज्याला आपला निर्णय समजतो, त्याचा निर्णय त्याच्याकडेच राहू द्यावा. बँकेत खातं त्याच्या नावाने उघडावं, सही किंवा अंगठा त्याचा असावा. उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यात मानसिक आजार आणि ऑटिझमही मोडतात. अर्ज करताना यूडीआयडीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः सारखं लागतं, म्हणून ते सोळाव्या-सतराव्या वर्षीच जुळवून घ्यावं.